तीन गोळ्या आणि एक संसार

काही खटले न्यायालयात संपतात, परंतु लोकांच्या बोलण्यातून संपत नाहीत. कमांडर नानावटी खटला त्यांपैकीच एक होय. २७ एप्रिल १९५९ रोजी मुंबईत घडलेल्या त्या घटनेला सहा दशकांहून अधिक काळ लोटला. ज्या ज्यूरीपुढे तो खटला चालला ती ज्यूरीची पद्धतही इतिहासजमा झाली. तथापि १९६३ मध्ये ‘ये रास्ते हैं प्यार के’, १९७३ मध्ये ‘अचानक’, २०१६ मध्ये ‘रुस्तम’ अशा चित्रपटांच्या निमित्ताने तो विषय पुन्हा पुन्हा निघत राहिला; आणि शिक्षकांच्या खोलीत, कचेरीतल्या मधल्या सुट्टीत, महाविद्यालयाच्या कट्ट्यावर प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारला गेला : नवऱ्याने झाडलेल्या गोळ्या योग्य की अयोग्य? त्या नवरा-बायकोच्या संसाराचे पुढे काय झाले, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारला. वस्तुतः विचारावयाचा प्रश्न तोच होता.

हकिकत थोडक्यात आठवावी लागेल. कावस नानावटी हे नौदलातील अधिकारी. ‘म्हैसूर’ या युद्धनौकेवरील दुसऱ्या क्रमांकाचे पद त्यांच्याकडे होते. १९४९ मध्ये इंग्लंडमध्ये सिल्व्हिया या इंग्रज तरुणीशी त्यांचा नोंदणी विवाह झाला आणि पुढे तीन मुले झाली. नोकरीमुळे नवरा वारंवार समुद्रावर आणि बायको मुलांसह मुंबईत, असा तो संसार. मित्रमंडळींमार्फत प्रेम आहुजा या मोटारींच्या व्यापाऱ्याशी ओळख झाली आणि नवऱ्याच्या गैरहजेरीत त्या ओळखीचे रूपांतर अनैतिक संबंधात झाले. लग्नाला त्या वेळी जेमतेम दहा वर्षे होत होती.

एप्रिलच्या मध्यानंतर नानावटी बोटीवरून परतले. पत्नी जवळ असूनही जवळ नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. २७ तारखेच्या दुपारी त्यांनी स्पष्ट विचारले आणि तिने कबुली दिली. त्यानंतर त्या घरात जे बोलणे झाले, त्याची बचावपक्षाने सांगितलेली हकिकत सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात नोंदलेली आहे. मारामारीच्या दृश्यांसाठी चित्रपट पाहणाऱ्यांनी ती एकदा शांतपणे वाचावी अशी आहे. नवरा म्हणाला, मी स्वतःलाच गोळी घालून घेतो. बायकोने हात धरून त्याला शांत केले आणि तुझा यात काय दोष, असे विचारले. मग त्याने विचारले, तो माणूस तुझ्याशी लग्न करावयास आणि मुलांचा सांभाळ करावयास तयार आहे का? या प्रश्नाचे उत्तर तिने टाळले. आहुजा लग्नाची गोष्ट टाळत आहे असे तिला जाणवत होते आणि ते बोलून दाखवण्याची तिला लाज वाटत होती.

त्यानंतर नवऱ्याने बायकोला, दोन मुलांना आणि शेजारच्या एका मुलाला मोटारीने चित्रपटगृहावर नेऊन सोडले. सहा वाजता खेळ सुटेल तेव्हा न्यावयास येतो, असे सांगितले. तेथून तो बोटीवर गेला. रात्री एकट्याने मोटार हाकीत अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, जावयाचे आहे अशी सबब सांगून त्याने एक रिव्हॉल्व्हर व सहा काडतुसे घेतली. आधी आहुजाचे कार्यालय आणि मग त्याचे घर गाठले. तीन गोळ्या सुटल्या आणि आहुजा मरण पावला. नानावटी आपण होऊन पोलिसांच्या स्वाधीन झाले.

पुढचा भाग सर्वांना पाठ आहे. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने ‘दोषी नाही’ असे सांगितले. सत्र न्यायाधीशांना ते पटले नाही व त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविले. उच्च न्यायालयाने मार्च १९६० मध्ये खुनाबद्दल जन्मठेप दिली आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. तीव्र व आकस्मिक क्षोभाच्या भरात हे घडले, हा बचाव न्यायमूर्तींनी नाकारला. आरोपी घरातून दीड वाजता निघाला आणि गोळ्या चार वाजून वीस मिनिटांनी सुटल्या. मधल्या सुमारे तीन तासांत माणसाला भानावर यावयास पुरेसा अवधी होता, असे न्यायालयाने म्हटले. एका निःशस्त्र माणसाचा त्याच्या घरात जाऊन प्राण घेतला गेला होता. त्याला खून याहून सौम्य शब्द नाही, आणि या लेखात पुढे जे काही म्हणावयाचे आहे ते हा शब्द मागे घेऊन म्हणावयाचे नाही.

परंतु मुंबईच्या रस्त्यावरील लोकांना हा निकाल मान्य नव्हता. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने कमांडरची बाजू उचलून धरली आणि न्यायालयाबाहेर त्यांच्या जयजयकारासाठी गर्दी लोटली. ही गर्दी कशावर खूश होती? नवऱ्याने बायकोला घराबाहेर काढले नाही यावर? मुलांची आई मुलांजवळ राहिली यावर? तसे दिसत नाही. अब्रू गेली होती आणि ती रक्ताने धुतली गेली, यावर ती खूश होती. शेतात शिरलेल्या चोराला शेतकऱ्याने बडविल्यावर गावाला जे समाधान वाटते, तीच जात या समाधानाची होती. त्यात बायको कोठे होती? बायको म्हणजे शेत होती.

हीच घटना उलट करून पाहावी. नवऱ्याचे पाऊल घसरले असते आणि बायकोने दुसऱ्या स्त्रीवर गोळ्या झाडल्या असत्या, तर तिच्यासाठी कोणी फुले आणली असती काय? तिला वेडी ठरविण्यात आले असते, आणि शहाण्यासुरत्या बायकांनी म्हटले असते, पुरुषाची जात ती. जरा दमाने घेतले असते तर आला असता परत. १९८२ मध्ये आलेल्या ‘अर्थ’ या हिंदी चित्रपटाच्या शेवटी परत येऊ पाहणाऱ्या नवऱ्याला बायको एवढेच विचारते की, मी असेच वागले असते तर तुम्ही मला परत घेतले असते का. तो प्रामाणिक असल्यामुळे ‘नाही’ म्हणतो, आणि ती आपल्या वाटेने निघून जाते. त्याच वर्षीच्या ‘उंबरठा’ या मराठी चित्रपटातही घरी परतलेल्या नायिकेला नवऱ्याच्या दुसऱ्या संबंधाचे सत्य कळते आणि ती पुन्हा उंबरठा ओलांडते. त्या वर्षी प्रेक्षागृहातून बाहेर पडताना किती पुरुषांनी तो प्रश्न स्वतःला विचारला, हे ज्याचे त्याने आठवावे.

आता त्या संसाराकडे वळू. सिल्व्हिया यांनी खटल्यात नवऱ्याच्या बाजूने साक्ष दिली. भरलेल्या न्यायालयात, वृत्तपत्रांच्या डोळ्यांसमोर, आपल्या चुकीची कबुली आपल्या तोंडाने द्यावयाची आणि ती खुनाच्या आरोपातून नवऱ्याला वाचविण्यासाठी द्यावयाची, हे किती कठीण असेल याची कल्पनाच केलेली बरी. त्यांनी आहुजाला लिहिलेली पत्रे तेथे वाचली गेली. नवरा तुरुंगात गेल्यावर मुले घेऊन मायदेशी निघून जाण्याची वाट त्यांना मोकळी होती, आणि गेल्या असत्या तर कोणी नवल केले नसते. १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटींना माफी दिली. मृताच्या बहिणीने तिला संमती दिली होती. या साऱ्या प्रकरणातील सर्वांत अवघड क्षमा कदाचित तिचीच असेल, आणि सर्वांत कमी चर्चा तिचीच झाली. १९६८ मध्ये नानावटी कुटुंब कॅनडाला गेले. पती, पत्नी आणि तिन्ही मुले अशी सगळी गेली. २००३ मध्ये नानावटी तेथेच वारले. ज्या संसाराचा शेवट २७ एप्रिल १९५९ या दिवशी झाला असे सगळ्या मुंबईने गृहीत धरले होते, तो पुढे आणखी चव्वेचाळीस वर्षे चालला.

या चव्वेचाळीस वर्षांत त्या घरात काय बोलले गेले आणि काय न बोलता राहिले, हे त्या दोघांनी जगाला सांगितले नाही, आणि ते योग्यच केले. म्हणून त्यांच्या मनाविषयी निवाडा देण्याचा अधिकार आपल्याला नाही. दोन माणसे एका छपराखाली राहिली एवढ्यावरून प्रेम सिद्ध होत नाही, याची साक्ष आपल्यापैकी कित्येकांच्या घरातील भिंती देतील. परंतु एक गोष्ट सिद्ध होते. त्यांना निघून जाता येत होते. कायद्याने, पैशाने, देशाने त्यांना बांधून ठेवलेले नव्हते. तरीही ती राहिली. जाता येत असताना राहणे, याला जर प्रेम म्हणावयाचे नसेल तर त्या शब्दाचा दुसरा उपयोग मला ठाऊक नाही.

येथे एक आक्षेप संभवतो आणि तो रास्त आहे. क्षमेची महती गाण्याची आपल्याकडे परंपराच आहे, आणि ती गाथा बहुधा बायकांनाच ऐकविली जाते. नवऱ्याच्या भानगडी कानावर आल्या की सासू म्हणते, झाकली मूठ सव्वा लाखाची. आई म्हणते, पोरी, मुलांच्या तोंडाकडे बघ. आणि ती पोरगी मुलांच्या तोंडाकडे बघत गिळून टाकते. कारण तिला पगार नाही, माहेरी दोन दिवसांपलीकडे जागा नाही, आणि परतलेल्या मुलीमुळे धाकटीचे लग्न अडेल ही भीती वेगळीच. याला क्षमा म्हणू नये. ही निरुपायाला दिलेली चांगली नावे आहेत. उलट बायकोची चूक कळल्यावर पुरुषाने क्षमा केली, तर त्याच समाजात तो बायल्या ठरतो. म्हणजे स्त्रीला क्षमा करण्याची सक्ती आणि पुरुषाला क्षमा करण्याची बंदी! अहल्येच्या कथेत कपटाने वेश पालटून येणारा इंद्र देवांचा राजा म्हणून राहिला आणि शिळा झाली ती अहल्या, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण त्याच कथेच्या अखेरीस गौतमाने तिला पुन्हा आपल्या आश्रमात घेतले, हे मात्र आपल्या कीर्तनातून भरभर उरकले जाते.

कायद्यानेही बराच काळ याच दृष्टीची पाठराखण केली. भारतीय दंडविधानाच्या ४९७ कलमानुसार दुसऱ्याच्या पत्नीशी, त्या दुसऱ्याच्या संमतीवाचून, संबंध ठेवणारा पुरुष गुन्हेगार ठरत असे व त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शके. पत्नीला शिक्षा नव्हती. कारण ती मुळात कर्ती मानलेलीच नव्हती. नवऱ्याची संमती असेल तर गुन्हाच घडत नसे, आणि नवऱ्याने बाहेर संबंध ठेवले तर त्याच्याविरुद्ध फिर्याद करण्याचा हक्क बायकोला नव्हता. १९८५ मध्ये या कलमाला आव्हान दिले गेले तेव्हा सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने ते वैध ठरविले. पुढे २७ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ते रद्द केले, आणि त्या पीठावर त्यांचेच चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते. वडिलांनी राखलेले कलम मुलाने मोडून काढावे, यात पितृद्रोह नाही. एका पिढीला जे बायकांचे संरक्षण वाटत होते ते दुसऱ्या पिढीला बायकांवरील मालकी म्हणून दिसू लागले, एवढाच त्याचा अर्थ. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही हा गुन्हा परत आणलेला नाही.

या निकालावर ‘आता सगळ्यांना मोकळे रान’ अशी टीका चौकाचौकांत झाली. ती निकाल न वाचता केलेली टीका आहे. न्यायालयाने व्यभिचाराला शिफारसपत्र दिलेले नाही. घटस्फोटाचे कारण म्हणून तो तसाच कायम आहे. आपल्यापैकी बहुतेकांना लागू असणाऱ्या १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात आरंभी ‘व्यभिचारी जीवन जगणे’ हे घटस्फोटाचे कारण होते. १९७६ च्या दुरुस्तीनंतर विवाहोत्तर एक प्रसंगही त्यास पुरेसा ठरला. २०१८ च्या निकालाने झाले ते एवढेच की, हा प्रश्न पोलीस ठाण्यातून उठून घरात आणि दिवाणी न्यायालयात आला.

याच कायद्यातील २३ व्या कलमाकडे मात्र कोणाचे फारसे लक्ष जात नाही. व्यभिचाराच्या कारणावरून घटस्फोट मागणाऱ्याने ते कृत्य आधी क्षमा केलेले नसावे, अशी अट त्यात आहे. एकदा क्षमा केली की त्याच प्रसंगाचे हत्यार करून न्यायालयाची पायरी चढता येत नाही. वकिलांच्या दृष्टीने ही एक तांत्रिक अडचण आहे. पण संसार करणाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर कायद्याने येथे एक मोठी शहाणी गोष्ट सांगितलेली आहे. क्षमा ही हप्त्याहप्त्याने करावयाची गोष्ट नव्हे. ‘मी तुला माफ केले’ असे एकदा म्हणावयाचे आणि मग प्रत्येक भांडणात, प्रत्येक उशिरा घरी येण्यावर, प्रत्येक न उचललेल्या फोनवर तो जुना कागद पुन्हा काढून दाखवावयाचा, याला व्याज म्हणतात. मुद्दल कायम ठेवून आयुष्यभर व्याज वसूल करण्यापेक्षा सरळ वेगळे होणे अधिक सभ्यपणाचे.

हे सारे आज सांगण्याचे कारण असे की, नानावटींच्या घरासारखी घरे आता मुंबईतच नाहीत. ती तालुक्याच्या गावी आहेत. नवरा एका जिल्ह्यात लिपिक आणि बायको दुसऱ्या जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, हे चित्र आपल्या वाचकांना नवे नाही. पती-पत्नी एकत्रीकरणाच्या बदलीची वाट पाहण्यात लग्नाची पहिली वर्षे निघून जातात. समजा, अशा एखाद्या तरुण जोडप्यातील एकाचे मन एकटेपणात दुसरीकडे गुंतले आणि दुसऱ्याला ते एका रात्री हातातल्या फोनवर वाचावयास मिळाले. पुढे काय घडते? सकाळपर्यंत दोन्हीकडचे मामा-काका जमतात, बैठक बसते, फोनमधील मजकूर दहा जण वाचतात, आणि आठ दिवसांत वकिलाची नोटीस येते. त्या दोघांनी एकमेकांना एकही खरा प्रश्न विचारण्याच्या आत गर्दीचा निकाल लागलेला असतो. न्यायालयाबाहेर जमलेल्या १९५९ च्या त्या गर्दीला आता घरात शिरावयाची मुभा मिळाली आहे, एवढाच फरक.

अशा वेळी काय करावे, हे सांगणारा मी कोणी मोठा अधिकारी नाही. पण या खटल्याने काही गोष्टी शिकविल्या आहेत. पहिली, तीन तासांची. न्यायालयाने म्हटले की, भानावर यावयास तीन तास पुरेसे होते. खून न करण्यासाठी ते पुरेसे असतीलही. पण क्षमा करावी की वेगळे व्हावे हे ठरविण्यासाठी तीन महिनेही कमी पडतील, आणि तो वेळ त्या दोघांना मिळू देणे हे आप्तांचे पहिले कर्तव्य आहे. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याने समुपदेशकांची तरतूद केली आणि १९८९ पासून पुण्या-मुंबईत ही न्यायालये सुरू झाली, ती याच विचाराने. दुसरी गोष्ट, ज्याच्याकडून चूक झाली त्याने खरे बोलण्याची. अर्धी कबुली ही दुसरी फसवणूक असते. सिल्व्हियांनी काहीही केले असो, विचारल्यावर त्या खोटे बोलल्या नाहीत. तिसरी, ‘अर्थ’मधील त्या प्रश्नाची. जे आपण मागतो आहोत, ते उलट परिस्थितीत आपण दिले असते काय? या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर क्षमा मागण्याचा अधिकारही उरत नाही.

आणि या सर्वांवर एक अट. दार उघडे असले पाहिजे. जिला वा ज्याला निघून जाता येत नाही, त्याच्या राहण्याला काही किंमत नाही. मुलींना शिकवा, नोकरीला लावा, घर तिच्याही नावावर करा, माहेरची खोली तिच्यासाठी मोकळी ठेवा, असे सांगणाऱ्यांवर ‘तुम्ही संसार मोडता’ असा आरोप होतो. खरे तर संसाराला अर्थ देणारी माणसे हीच. ज्या घरातून बाहेर पडणे शक्य आहे अशाच घरात रात्री परत येण्याला काही मोल असते.

चित्रपटगृहाच्या दारात त्या संध्याकाळी सहा वाजता बायको आणि मुले उभी राहिली असतील. न्यावयास येतो म्हणून सांगून गेलेला माणूस त्या दिवशी आला नाही. तो तोपर्यंत एक जीव घेऊन पोलिसांपुढे उभा होता. जगाने लक्षात ठेवले ते त्याने दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी केलेले कृत्य. फार उशिरा, तुरुंग भोगून, माफी घेऊन, तो अखेर आपल्या माणसांकडे परत आला आणि त्या माणसांनी त्याला घरात घेतले, ही गोष्टही लक्षात ठेवण्याजोगी आहे. आपल्या तरुण मुलामुलींना या खटल्याची कथा सांगावयाचीच असेल, तर तीन गोळ्यांपाशी थांबू नये. ती तेथून पुढे सांगावी.